आखडलेले अंथरूण आणि परदेशची सहल

सुटीचे दिवस जवळ येऊ लागले, की आमच्या मध्यमवर्गीय घरांतून सहलीच्या बेतांना उधाण येते. पूर्वी हे बेत नरसोबाची वाडी, पंढरपूर, फार तर काशी-रामेश्वर एवढ्यावर थांबत. आता ते दुबई, सिंगापूर, बँकॉक अशी नावे घेऊ लागले आहेत. यात वावगे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. आयुष्यभर शाळेत खडू झिजविलेल्या शिक्षकाला, बँकेत आकडे जुळविण्यात केस पांढरे केलेल्या कारकुनाला, निदान एकदा समुद्रापलीकडचे जग पाहावे असे वाटले, तर त्याला चैन म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु या बेतांवर अलीकडे एक सावट आले आहे. कोठे जायचे हे ठरण्याआधीच घरातले कोणीतरी विचारते, ‘डॉलर कितीला आहे?’ आणि उत्तर ऐकून पुढची चर्चा थंडावते. डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरसाठी ९० रुपयांचा उंबरठा ओलांडला गेला, तेव्हापासून तर हा प्रश्न अधिकच काळजीने विचारला जात आहे.

या काळजीत तथ्य आहे. परंतु तिच्यात एक गैरसमजही दडलेला आहे आणि त्यापायी अनेक कुटुंबे एक तर घरी बसतात, किंवा नको तेथे जाऊन नको तेवढा खर्च करून येतात. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करणे आम्हांस आवश्यक वाटते.

चलनाचे चढउतार ही आमच्या किनाऱ्याला नवी गोष्ट नव्हे. गोमंतकातील वृद्धांनी एका आयुष्यात तीन नाणी हाताळली आहेत. पोर्तुगीज अमदानीतील रुपिया आणि तिचे सोळा टांगे त्यांनी मोजले. १९५९ मध्ये एका रुपियाला सहा या हिशेबाने आलेले इश्कूद त्यांनी वापरले. आणि १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती मिळाल्यानंतर भारतीय रुपया त्यांच्या खिशात आला. त्याहून उद्बोधक कथा अरबी समुद्रापलीकडची आहे. आज ज्या दुबईच्या झगमगाटाकडे आमची तरुण पिढी डोळे लावून बसते, तेथे एके काळी आमचाच रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखाती प्रदेशासाठी खास नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा तेथील बहुतेक संस्थानांनी या रुपयाचा हात सोडला. ओमानने तो १९७० पर्यंत चालविला. आपल्या नाण्याची किंमत घसरली की शेजारी कसे दूर सरकतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

आता मूळ गैरसमजाकडे वळू. डॉलर महाग झाला म्हणजे सारे जग महाग झाले, असे बहुतेकजण धरून चालतात. वस्तुस्थिती तशी नाही. आपण ज्या देशात जाणार, त्या देशाच्या नाण्याशी आपल्या रुपयाचे नाते काय, हा खरा प्रश्न आहे. डॉलर हा मधला दलाल आहे. दलालाचा भाव पाहून बाजाराची परीक्षा करू नये.

या दृष्टीने पाहिले तर जगातील देशांचे ढोबळ तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग, ज्यांनी आपले नाणे डॉलरच्या खुंटीला बांधून ठेवले आहे, अशांचा. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. ओमानचा रियाल आणि हाँगकाँगचे नाणेही डॉलरलाच धरून चालते. आणि मालदीवमधील बेटांवरच्या हॉटेलांचे दर तर सरळ डॉलरमध्येच सांगितले जातात. अशा देशांत रुपयाची घसरण आपणांस पैन् पै भोगावी लागते. २०११ च्या पूर्वार्धात डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, तेव्हा दिरहम सव्वाबारा रुपयांना पडे. डॉलर ९० चा झाला, तेव्हा तोच दिरहम साडेचोवीस रुपयांचा झाला. दुबईतल्या उपाहारगृहाने पाटीवरचा भाव एका पैशाने वाढविला नसता, तरी आपल्यासाठी ते जेवण दुप्पट महाग झाले असते.

दुसरा वर्ग अगदी लहान, पण आमच्या दृष्टीने मोलाचा आहे: आपले नाणे आमच्याच रुपयाला बांधणाऱ्यांचा. नेपाळचा रुपया १९९३ पासून एका भारतीय रुपयाला १.६० या दराने स्थिर आहे. भूतानचे न्गुलट्रम तर आमच्या रुपयाच्या बरोबरीनेच चालते. येथे डॉलर कोठेही जावो, आपल्या खिशातील रुपयाचे त्या मातीवरचे वजन बदलत नाही. तिसऱ्या वर्गात उरलेले देश येतात, ज्यांची नाणी स्वतःच्या गतीने चढतात आणि पडतात. यांत थोडी चौकशी करणाराला लाभ होतो आणि न करणाराला फटका बसतो. उदाहरणार्थ, थायलंड म्हणजे स्वस्त अशी समजूत आमच्याकडे रूढ आहे. परंतु २०१६ मध्ये दोन रुपयांच्या आत मिळणारा बाट २०२५ च्या अखेरीस पावणेतीन रुपयांच्या पुढे गेला. उलट जपान म्हणजे कुबेराची नगरी, असे आपण मानतो. पण २०२० मध्ये १०० येनला ७० रुपयांच्या जवळपास मोजावे लागत, ते २०२४ च्या उन्हाळ्यात येनने ३८ वर्षांचा नीचांक गाठला तेव्हा सुमारे ५३ रुपयांवर आले होते. जपान त्यामुळे गरिबाचा देश झाला असे नव्हे. तेथील निवास आणि रेल्वेचा प्रवास आजही खर्चिकच आहे. पण ज्याने जपान पाहण्यासाठी वर्षानुवर्षे पैसा साठविला, त्याला रुपया दुबळा असतानाही ती संधी साधता आली, एवढे यावरून ध्यानात यावे.

येथे आणखी एका मोहाविषयी सावध करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. तो मोह म्हणजे शून्यांचा. एका भारतीय रुपयाला इंडोनेशियाचे पावणेदोनशेहून अधिक आणि व्हिएतनामचे अडीचशेहून अधिक नाणे मिळते, असे सांगून ‘तेथे तुम्ही लक्षाधीश व्हाल’ अशा जाहिराती केल्या जातात. नोटेवरची शून्ये हा त्या देशाच्या जुन्या महागाईचा इतिहास असतो, आजच्या स्वस्ताईचा दाखला नव्हे. १९९७ च्या मध्यास एका डॉलरला सुमारे २,४०० असलेला इंडोनेशियाचा रुपिया पुढल्या वर्षी १०,००० च्याही पलीकडे कोसळला, ही त्या शून्यांमागची कहाणी. व्हिएतनामची पाच लाख डाँगची नोट पाहून डोळे दिपतात. आपल्या हिशेबाने ती पावणेदोन हजार रुपयांच्या आसपास भरते. म्हणून देश स्वस्त की महाग, हे नाण्याच्या भावावरून न ठरवता तीन गोष्टींवरून ठरवावे: एक वेळचे साधे जेवण, एका रात्रीची स्वच्छ खोली आणि एका दिवसाचा बस-रेल्वेचा प्रवास. या तीन गोष्टींना तेथे किती रुपये पडतात, हे नुकत्याच जाऊन आलेल्या माणसाला विचारावे. आपल्या पणजी-म्हापशात त्यांना जे पडते त्याच्याशी ताडून पाहावे. एवढा त्रैराशिकाचा हिशेब आमच्या गृहिणी कोणत्याही अर्थशास्त्रज्ञापेक्षा चोख करतील.

मात्र सहलीचा सारा खर्च त्या देशाच्या नाण्यात होत नाही, हेही विसरता कामा नये. विमानाचे भाडे हा त्यातील सर्वांत मोठा आणि सर्वांत हट्टी भाग. विमानाचे इंधन जगाच्या बाजारात डॉलरने विकले जाते आणि विमानेही बहुधा डॉलरनेच भाड्याने घेतली जातात. म्हणून रुपया घसरला की अंतर महाग होते. यावरून निघणारा नियम सोपा आहे: रुपया दुबळा असताना जवळचा देश निवडावा आणि तेथे चार दिवस अधिक राहावे; दूरचा देश निवडून धावपळ करू नये. शिवाय मोपा किंवा दाबोळीहून थेट विमान आहे, की आधी मुंबई वा बंगळूर गाठावे लागते, हेही पाहावे. कोकणकन्येने मुंबईला जाऊन, तेथे एक रात्र काढून धरलेले ‘स्वस्त’ विमान अखेरीस स्वस्त राहतेच असे नाही.

दुसरा हट्टी खर्च प्रवेशपरवान्यांचा. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी जून २०२४ पासून प्रौढ माणसाला ९० युरो शुल्क आहे. युरो १०० रुपयांचाच धरला, तरी चार प्रौढांच्या कुटुंबाला ३६,००० रुपये भरावे लागतात आणि अर्ज नाकारला गेला तर ते परत मिळत नाहीत. जवळच्या बाली बेटाचीही गोष्ट पाहा. विमानतळावर मिळणाऱ्या व्हिसाचे पाच लाख रुपिया आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेला दीड लाख रुपियांचा पर्यटन कर, असे चौघांचे मिळून २६ लाख रुपिया, म्हणजे आपले सुमारे चौदा हजार रुपये, एकाही देवळाची पायरी चढण्यापूर्वी खर्ची पडतात. कंबोडियात अंकोरवाटच्या मंदिरसमूहासाठी एका दिवसाचे तिकीट २०१७ पासून ३७ डॉलर आहे; देश गरीब असला तरी तिकीट डॉलरचे आहे. अशा खर्चांची बेरीज घरी बसूनच केली पाहिजे. काही देशांनी भारतीयांना व्हिसाची अट शिथिल केली आहे ही आनंदाची गोष्ट; पण हे नियम ऋतूंसारखे बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीची माहिती पाहावी, मित्राच्या आठवणीवर विसंबू नये.

मग जावे कोठे? आम्ही कोणाच्या वतीने शिफारस करीत नाही. पण आमच्या वाचकांची आवड आणि त्यांची ऐपत या दोहोंचा मेळ घालणारी काही ठिकाणे सांगण्यास हरकत नाही. पहिले नाव अर्थातच नेपाळचे. तेथे जाण्यास पासपोर्टचीही सक्ती नाही. निवडणूक ओळखपत्र चालते, मात्र प्रौढ माणसाने आधार कार्डावर विसंबून विमानतळ गाठू नये. पशुपतिनाथाच्या गाभाऱ्यात पूजा करणारे भट्ट परंपरेने कर्नाटकातून गेलेले असतात, हे पाहून आमच्या दक्षिणेकडील माणसाला तेथे परकेपणा वाटत नाही. भूतान रम्य आहे आणि तेथे नाण्याचा घोर नाही. परंतु सप्टेंबर २०२२ पासून भारतीय प्रवाशाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते. चार प्रौढांनी सहा रात्री काढल्या तर हे शुल्कच २८,८०० रुपये होते. तेव्हा भूतानला जावे, पण हा आकडा आधी वहीत मांडून.

श्रीलंका आमच्या किनाऱ्याच्या माणसाला माहेरासारखी वाटावी. तोच नारळ, तेच कोकणासारखे हिरवेपण, तेच माशाचे कालवण. तेथील एक गोष्ट आमच्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. ज्या पोर्तुगीज सत्तेमुळे आमची दैवते साष्टी-बार्देश सोडून अंत्रुजाच्या आश्रयाला आली, त्याच सत्तेने सतराव्या शतकात त्रिंकोमालीच्या कड्यावरील कोणेश्वराचे पुरातन शिवमंदिर पाडले. विसाव्या शतकात ते पुन्हा उभे राहिले. आमच्याकडे आषाढ-श्रावणात पावसाची झड लागलेली असते, त्या दिवसांत श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही पाऊस असतो. परंतु पूर्वेकडील त्रिंकोमाली तेव्हा बहुतांशी कोरडी असते. गर्दीचा हंगाम टाळून जाणाऱ्यास ही गोष्ट उपयोगी पडेल. व्हिएतनामच्या मध्यभागी मी-सन येथे चंपा राज्यातील शैव मंदिरांचे अवशेष आहेत. चौथ्या शतकातील भद्रवर्मन् राजाने तेथे भद्रेश्वराची स्थापना केली होती आणि १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत त्यांतील एक भव्य शिखर जमीनदोस्त झाले. मे महिन्यात तेथे ऊन कडक असते, पण पावसाचा व्यत्यय सहसा नसतो. मॉरिशस अंतराने दूर आणि खर्चाने वरचे. पण एकोणिसाव्या शतकात आमच्या कोकणातून मजुरीसाठी गेलेल्यांचे वंशज तेथे आजही मराठीचा अभिमान बाळगून आहेत आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. एकदाच परदेशी जायचे असेल, तर अशा आप्तांच्या भेटीला जाण्यासारखे दुसरे पुण्य नाही.

पैसा नेण्याविषयी दोन शब्द. एके काळी सरकार परदेशी जाणाऱ्याच्या हातावर मोजके डॉलर ठेवी. आज वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परकीय चलन नेण्याची मुभा आहे. परवानगीचा अडसर गेला, ऐपतीचा राहिला. विमानतळावरील चलनविक्रेत्याकडे अगदी निकडीपुरतेच पैसे बदलावेत, कारण तेथील भाव बहुधा सर्वांत वाईट असतो. परदेशातील दुकानदार कार्ड घेताना ‘रुपयांत देता, की आमच्या नाण्यात?’ असे विचारतो, तेव्हा आपलेपणाने रुपये म्हणावेसे वाटते. पण उत्तर नेहमी ‘तुमच्या नाण्यात’ असेच द्यावे, कारण रुपयांत केलेल्या रूपांतरात दुकानदाराच्या बँकेचा नफा मिसळलेला असतो. नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस येथे अनेक ठिकाणी आपले यूपीआय चालते, तेथे ही कटकट कमी होते. सहलीचे पॅकेज घेताना उगमापाशी वसूल होणारा कर द्यावा लागतो. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत. परंतु तो प्राप्तिकराच्या हिशेबात वळता करून मिळतो, म्हणून त्याची पावती जपून ठेवावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे: सहलीसाठी कर्ज काढू नये. हप्त्याहप्त्याने फेडण्याच्या सहली आता सर्रास विकल्या जातात. घर, शिक्षण, आजारपण यांसाठी काढलेल्या कर्जामागे काहीतरी उरते. सहा दिवसांच्या सहलीसाठी काढलेल्या कर्जामागे छायाचित्रे उरतात आणि हप्ते उरतात. ज्या घरात मुलीचे शिक्षण किंवा आईची शस्त्रक्रिया उंबरठ्यावर उभी आहे, त्या घराने शेजाऱ्याच्या दुबईवारीशी बरोबरी करण्याचे काहीच कारण नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण ऐकत आलो आहोत. अंथरूण आखडले असताना तर ती अधिकच खरी ठरते.

एक शेवटची गोष्ट राहिली. एखादा देश आपल्याला स्वस्त झाला, याचा अर्थ बहुधा तेथील माणसाचे नाणे घसरले आहे. २०२२ मध्ये श्रीलंकेचा रुपया डॉलरला २०० च्या आसपास होता, तो काही आठवड्यांत ३६० पर्यंत गेला. परदेशी पाहुण्यांना तो देश तेव्हा अर्ध्या किमतीत मिळत होता. आणि त्याच वेळी तेथील गृहस्थ पेट्रोल आणि गॅससाठी दिवस दिवस रांगेत उभा होता. पाहुणा होण्याचा आणि यजमान होण्याचा, दोन्ही अनुभव आमच्या किनाऱ्याला आहेत. आपला रुपया स्वस्त म्हणून आमच्या समुद्रकाठी गोरे प्रवासी महिनोन् महिने राहून जातात, हे आपण पाहतो. आणि २०१४ च्या अखेरीस रशियाचा रूबल कोसळला, तेव्हा चार्टर विमाने कशी घटली आणि मोरजीच्या शॅकवाल्याची चूल कशी मंदावली, हेही आपण पाहिले आहे. दहा रुपयांसाठी आमच्या फुलवालीशी हुज्जत घालणाऱ्या परदेशी पाहुण्याचा आपणांस राग येतो. मग कोलंबोच्या रिक्षावाल्याशी किंवा होई-आनच्या म्हाताऱ्या शिंपिणीशी आपण तसेच वागावे काय? रास्त भावाची चौकशी जरूर करावी, फसगत होऊ देऊ नये; पण दुसऱ्याच्या पडत्या काळाची लूट म्हणजे काटकसर नव्हे.

रुपया घसरला म्हणून घरी बसावे, असे आम्ही म्हणत नाही. घसरला तरी काय झाले, असेही म्हणत नाही. हिशेब करून, जवळचा देश निवडून, आपल्या पैशाने जावे. ज्याला यंदा जमत नाही त्याने पुढल्या वर्षी जावे, त्यात मान जात नाही. नाण्याचा भाव बाजार ठरवितो. परक्याच्या अंगणात उभे राहून आपण कसे वागतो, हे मात्र आपण ठरवितो, आणि आमच्या मुलांच्या ध्यानात राहील ते तेच.